थंडाव्याचा झाकलेला हिशेब

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन आठवडे लोटले की मुंबई, ठाणे किंवा रत्नागिरीतील एखाद्या बँकेच्या शाखेत एक परिचित दृश्य दिसू लागते. रोखपालाच्या डोक्यावरील कृत्रिम छतावर पिवळसर डाग उमटतो, तो हळूहळू पसरतो आणि एके दिवशी शिपाई खाली बादली आणून ठेवतो. छप्पर गळू लागले, असे सर्वांचे निदान असते. गवंडी येतो, गच्चीवर डांबर ओततो. ठिबकणे मात्र थांबत नाही. ते थांबावयाचे नसतेच, कारण हे पाणी पुष्कळदा पावसाचे नसते. ते हवेतलेच बाष्प असते आणि छताआड दडलेल्या वातानुकूलन यंत्रणेच्या थंडगार तांब्याच्या नळीवर ते पाणी होऊन साचलेले असते. नळीभोवतीचे रबरी वेष्टन जेथे अपुरे पडले, फाटले किंवा सांध्यावर लावावयाचेच राहून गेले, तेथे हा घरगुती पाऊस पडतो.

बादलीने प्रश्न मिटला असता तर त्याबद्दल लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु जे पाणी दिसते त्याहून न दिसणारा खर्च मोठा आहे. यंत्राकडे परतणाऱ्या शीतकारी वायूचे तापमान साधारणपणे ५ ते १० अंश सेल्सिअस असते. कोकणपट्टीतील पावसाळी हवेत मात्र २४-२५ अंशांनाच दव धरू लागते. म्हणजे नळीचा बोटभर भाग उघडा राहिला तरी त्याला घाम सुटणारच. हे पाणी वेष्टनात शिरले की वेष्टनाचा उपयोगच संपतो. उष्णता अडविण्याचे काम रबरातील बंद हवा करीत असते आणि पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक आहे. नळी मग खोली सोडून छताआडची पोकळी थंड करीत बसते, कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो आणि वीजबिल वाढते. त्या बिलात ‘खराब वेष्टन’ असा रकाना नसल्याने वाढलेला आकडा उन्हाळ्याच्या किंवा वीजदराच्या नावावर खपून जातो.

हे काम कसे होते, हे पाहिले म्हणजे दोषाचे मूळ सापडते. नळ्या टाकून, सांधे जोडून झाल्यावर त्यांत नायट्रोजन भरून दाब टिकतो की नाही हे पाहावयाचे असते, आणि मोठ्या यंत्रणेत त्यासाठी दिवसभराचा अवधी दिला जातो. तोपर्यंत सांधे उघडे ठेवावेत आणि गळती नाही अशी खात्री झाल्यावरच त्यांवर वेष्टन चढवून कडा चिकटवाव्यात, असा रीतसर क्रम आहे. म्हणजे सर्वांत नाजूक जागेचे काम सर्वांत शेवटी येते. आणि नेमक्या त्याच वेळी छतवाला सुतार शिडी घेऊन खाली उभा असतो, रंगारी त्याच्यामागे असतो, उद्घाटनाच्या पत्रिका छापून झालेल्या असतात. मग सांध्याभोवती दोन वेढे चिकटपट्टी गुंडाळली जाते आणि वरून छत बंद होते. गच्चीवरच्या नळ्यांची अवस्था तर याहून केविलवाणी. उन्हाने हे रबर तडकते, त्यावर संरक्षक आवरण लागते, हे ठाऊक असूनही ते गाळले जाते.

वायरिंगच्या बाबतीत हीच घाई जिवावर बेतू शकते. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला तर निर्माण होणारी उष्णता चौपट होते. म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या आणि सुरू होताना मोठा प्रवाह ओढणाऱ्या या यंत्रांना पुरेशा जाडीची तार आणि स्वतंत्र मंडल हवे. त्याहून घातक असतो तो सैल जोड. जोड सैल असला म्हणून एकूण प्रवाह वाढत नाही; त्यामुळे एमसीबीला काहीच जाणवत नाही आणि ती बिंदूइतकी जागा तापत राहते. २३ एप्रिल २०२१ रोजी विरार येथील रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला लागलेल्या आगीत तेराहून अधिक कोरोनाग्रस्त दगावले. आगीचा उगम वातानुकूलन यंत्रात झाल्याचे त्या वेळी प्रथमदर्शनी सांगण्यात आले होते. त्या दुर्घटनेचा दोष कोणाकडे जातो, हा येथील विषय नाही. ग्राहकाच्या जागेतील विद्युत काम परवानाधारक ठेकेदारानेच, प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखाली करावे, असा सुरक्षा नियम २०१० मध्येही होता व २०२३ च्या सुधारित नियमावलीतही आहे. प्रत्यक्षात मुख्य फलकापर्यंतचे काम विजेच्या ठेकेदाराचे आणि तेथून यंत्रापर्यंतचे ‘एसीवाल्या’चे, अशी वाटणी परस्पर होऊन जाते व ही शेवटची काही मीटर तार कोणाच्याच देखरेखीखाली येत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात काही नवल वाटू नये. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल टिकाव धरू शकत नाही, हे जॉर्ज अकर्लोफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. यंत्राच्या बाबतीत आपण ही उणीव बरीचशी भरून काढली. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ पासून तारांकनाची पद्धत आणली आणि आज दुकानात जाणारा कारकूनही तारे मोजूनच यंत्र घेतो. पण ते तारे प्रयोगशाळेतील विहित परिस्थितीत मिळालेले असतात. यंत्र भिंतीवर कोणी, कसे बसविले, याला तारा नाही. इमारतींसाठीच्या ऊर्जा संवर्धन संहितेत नळ्यांच्या वेष्टनाबद्दल तरतूद आहे. मात्र ती मोठ्या वीजभाराच्या व्यापारी इमारतींपुरती. तालुक्याच्या पतसंस्थेला किंवा खासगी शिकवणीच्या वर्गाला तिचा स्पर्श होत नाही.

त्यात निविदेची रीत अशी की सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम. मुख्य ठेकेदार ते काम उपठेकेदाराला देतो, तो पुढे टोळीला देतो, आणि टोळीला मजुरी मिळते ती नगावर किंवा नळीच्या मीटरवर. दाब टिकतो की नाही हे पाहण्यात गेलेला दिवस हा त्या कामगाराच्या दृष्टीने बुडालेला दिवस. एप्रिल-मेच्या हंगामात दोरीच्या आधाराने इमारतीबाहेर लोंबकळून वर्षाची कमाई दोन-तीन महिन्यांत गाठू पाहणाऱ्या माणसाकडून त्याने तो बुडवावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. दोषदायित्वाची मुदत बहुधा एका वर्षाची असते. वेष्टन मात्र दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात उघडे पडते. जागा भाड्याची असेल तर बसविण्याचा खर्च मालकाचा आणि वीजबिल भाडेकरूचे!

केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये शीतन कृती आराखडा जाहीर केला. २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे आणि २०३७-३८ पर्यंत शीतनासाठी लागणारी ऊर्जा २५ ते ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट त्यात होते. प्रशिक्षण हवेच. पण प्रमाणपत्र मिळविलेला तरुण आणि न मिळविलेला तरुण या दोघांनाही मीटरमागे तोच दर मिळणार असेल, तर पहिल्याने शिकलेले विसरण्यातच त्याचा फायदा आहे.

यावरचा उपाय परदेशातून आणावयास नको. सार्वजनिक बांधकाम विभागातील कोणत्याही जुन्या लिपिकाला तो ठाऊक असतो: जे काम पुढे झाकले जाणार आहे, त्याचे मोजमाप झाकण्यापूर्वी घेऊन मोजमाप पुस्तकात नोंदवावे. पायाच्या खोदाईला आणि काँक्रीटमधील सळ्यांना लागू असलेला हा दंडक छताआडच्या नळीला आणि तारेला लावता येईल. वेष्टनाची जाडी, तारेचा आकार, दाब किती तास टिकला आणि काम करणाऱ्याचे नाव, एवढ्या चार नोंदी छत बंद होण्याआधी झाल्या आणि देयकाचा काही भाग दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवला, तर ठेकेदाराचे गणितच बदलेल. यामुळे काम दोन दिवस लांबेल आणि महागही होईल, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ते दोन दिवस निविदेत स्वतंत्र बाब म्हणून लिहावे लागतील आणि त्यांना दर द्यावा लागेल. तो न देणारा देयकर्ता पुढील दहा वर्षे तीच रक्कम वीज कंपनीकडे भरीत राहतो.