गणित अनुदानित, संगणक विनाअनुदानित!

महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या ठिकाणच्या बहुतेक विज्ञान महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका चाळल्या, तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. बी.एस्सी. गणित हा अभ्यासक्रम अनुदानित वर्गात असतो. त्याचे शुल्क शेतमजुराच्या मुलालाही कसेबसे झेपते. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, आय.टी., बी.सी.ए. ही नावे मात्र बहुधा 'विनाअनुदानित' या मथळ्याखाली छापलेली असतात आणि तेथील शुल्क अनुदानित वर्गाच्या कित्येक पट असते. इमारत एक, प्राचार्य एक, विद्यापीठही एकच. तरीही एका दाराने शिरणाऱ्याच्या वाट्याला संगणकाविना गणित येते आणि दुसऱ्या दाराने शिरणाऱ्याच्या वाट्याला गणिताचा पाया कच्चा ठेवणारा संगणक. ही व्यवस्था आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात काही अन्याय आहे याची जाणीवही शिक्षणक्षेत्रातील धुरीणांना उरलेली नाही.

ही फाळणी झाली कशी, हे समजून घेणे आवश्यक आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. शासनाकडे पैसा नाही, समाजाची गरज मोठी आहे, तेव्हा ज्याला परवडेल त्याने शिकावे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. अभियांत्रिकीसाठी तयार झालेला हा साचा पुढे विज्ञान शाखेतील प्रत्येक नव्या अभ्यासक्रमाला लावण्यात आला. गणित हा जुना विषय. त्याची अध्यापकपदे शासन आपली जबाबदारी मानत होते त्या काळात मंजूर झाली. संगणकशास्त्र महाविद्यालयांत पोहोचले ते शासनाने अंग काढून घ्यायला सुरुवात केल्यानंतर. म्हणजे या दोन विषयांमधील भिंत ज्ञानाच्या स्वरूपातून उभी राहिलेली नाही. तिजोरीचे दार ज्या सुमारास बंद झाले, त्या सुमारास ती उभी राहिली.

वस्तुतः हे दोन विषय एकमेकांपासून तोडणे म्हणजे झाडापासून मूळ तोडणे होय. कार्यकर्त्यांच्या नित्य परिचयातले एक उदाहरण घ्यावे. दहा लाख नावांची मतदारयादी आहे आणि तीत एक नाव शोधायचे आहे. यादी विस्कळीत असेल, तर कदाचित दहाही लाख नावे तपासावी लागतील. पण ती अकारविल्हे लावलेली असेल, तर बरोबर मधले नाव पाहावे, हवे असलेले नाव त्याच्या आधी येते की नंतर हे ठरवून अर्धी यादी बाजूला सारावी आणि उरलेल्या अर्ध्या यादीचे पुन्हा तसेच दोन भाग करावेत. या रीतीने जास्तीत जास्त वीस वेळा पाहून शोध संपतो, कारण दोनाचा विसावा घात दहा लाखांहून अधिक भरतो. यादी दुप्पट झाली, तरी काम वाढते ते केवळ एका पायरीने! यंत्र विकत घेऊन ही बचत होत नाही, ती विचाराने होते. आणि त्या विचाराचे नाव गणित आहे. महागडे यंत्र चुकीच्या रीतीने राबवले, तर साधे यंत्र योग्य रीतीने त्याला मागे टाकते. संगणकशास्त्राच्या पदवीचा गाभा हाच आहे. एखाद्या संगणकभाषेतील आज्ञा पाठ करणे हा त्या गाभ्यावरील सालीचा भाग.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि येणाऱ्या संख्येवर तीच क्रिया करीत जावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. आज संगणकाला दहा हजारांच्या आतील या सर्व संख्या तपासायला निमिषही लागत नाही. म्हणजे गणिताच्या विद्यार्थ्यापाशी संगणक असेल, तर त्याच्या हातात एक प्रयोगशाळाच येते. परंतु संगणक सांगतो ते 'असे घडते' एवढेच. ते का घडते आणि पाच अंकी, सहा अंकी संख्यांचे काय होते, हे प्रश्न विचारण्याची व सोडवण्याची शिस्त गणित देते. एकाने शोधावे आणि दुसऱ्याने सिद्ध करावे, अशी ही जोडी आहे. शासनाच्या अनुदान-धोरणाने नेमकी तीच फोडली आहे.

ही जोडी जेथे अभंग राहिली, तेथे काय घडते याचा पुरावा याच देशात आहे. दिलेली संख्या अविभाज्य आहे की नाही, हे खात्रीपूर्वक आणि वाजवी वेळात ठरवणारी रीत अस्तित्वात आहे काय, हा प्रश्न जगभरच्या विद्वानांना दीर्घकाळ सतावत होता. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.तील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी त्याचे होकारार्थी उत्तर सिद्ध केले. यांतील कयाल व सक्सेना यांनी त्याच वर्षी बी.टेक. पूर्ण केले होते. प्रश्न संगणकशास्त्राचा होता, उत्तर बीजगणितातून आले आणि संस्था जनतेच्या पैशावर चालणारी होती. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९६० पासून पदवीचे शिक्षण दिले जाते आणि तेथील बी.स्टॅट.च्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन देण्याची परंपरा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून चेन्नईला गेलेले गणिती सी. एस. शेषाद्री यांनी १९८९ मध्ये ज्या संस्थेचा पाया घातला, त्या चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने १९९८ मध्ये गणित व संगणकशास्त्र यांची एकच संयुक्त पदवी सुरू केली. तिची कल्पना एका मुंबईकर परंपरेतल्या गणितीच्या संस्थेला सुचते आणि महाराष्ट्रातील शिक्षणमहर्षींना सुचत नाही, याला योगायोग म्हणता येणार नाही. या महर्षींना विद्यार्थ्यामागे मिळणारे शुल्क दिसते. विद्यार्थ्याला मिळणारे ज्ञान दिसत नाही.

फाळणीचे परिणाम दोन्ही बाजूंचे विद्यार्थी भोगत आहेत. गणिताचा विद्यार्थी तीन वर्षे फळ्यावरची सिद्धता वहीत उतरवतो. संगणकाला त्याच्या अभ्यासक्रमात असलीच तर कोपऱ्यातली जागा असते. पदवीनंतर बी.एड. आणि शिक्षकभरतीची अंतहीन प्रतीक्षा किंवा स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या, एवढेच मार्ग त्याला दिसतात. दुसऱ्या दाराने गेलेल्याची स्थिती वरकरणी बरी वाटते. त्याच्या अभ्यासक्रमपत्रिकेवर विविक्त गणित, रेषीय बीजगणित, संभाव्यता ही भारदस्त नावे असतातही. पण विनाअनुदानित तुकडीला पूर्णवेळ गणिती अध्यापक नेमायचा, तर संस्थेचा नफा घटतो. म्हणून तासिका तत्त्वावर राबणारा एखादा तरुण पदव्युत्तर आज या महाविद्यालयात, उद्या त्या महाविद्यालयात ते उरकून टाकतो. दोष त्या तरुणाचा नाही. ज्याला पुढच्या वर्षी नोकरी राहील की नाही हे ठाऊक नाही, त्याच्याकडून विद्यार्थी घडवण्याची अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा आहे.

बाजार काय करतो, हेही पाहण्यासारखे आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून अभियांत्रिकीच्या प्रवेशसंख्येवरील कमाल मर्यादाच उठवली आणि ऐपतदार संस्थांना संगणक शाखेच्या जागा वाढवण्याचे रान मोकळे झाले. पाठोपाठ जुलै २०२५ मध्ये टी.सी.एस.ने जगभरातील सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. एका टोकाला प्रवेशाचे दार सताड उघडायचे आणि दुसऱ्या टोकाला नोकरीचे दार लोटून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. साचेबंद आज्ञावल्या आता यंत्रच लिहू लागले आहे. कर्ज काढून जो केवळ तेवढेच शिकला, त्याच्या हाती काय उरणार? यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की चूक, ते का चालते आणि कोठे कोसळेल, हे पारखण्याची शक्ती ज्याच्यापाशी आहे तोच टिकेल. ती शक्ती पाया पक्का असल्याखेरीज येत नाही.

यावर तीन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की, शासन शुल्कमाफी देते. २०२४ मध्ये राज्य शासनाने वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. त्याचा लाभ ज्या मुलींना झाला, त्यांच्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु या रीतीने सार्वजनिक पैसा खासगी संस्थेच्या शुल्कखिडकीत जमा होतो. त्यातून सार्वजनिक विभाग, कायम अध्यापक किंवा प्रयोगशाळा उभी राहत नाही. भाड्याच्या घराचे भाडे भरत राहायचे आणि स्वतःचे घर बांधायचे नाही, हा कोणता शहाणपणा?

दुसरा आक्षेप असा की, गरिबाच्या मुलाला नोकरी हवी, सिद्धांत नको. हा युक्तिवाद जुना आहे आणि तो नेहमी गरिबांच्या वतीने इतरच करतात. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले, तेव्हा रयतेच्या करातून येणारा पैसा उच्चवर्गीयांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची मुख्य तक्रार होती. बहुजनांच्या मुलांना कामापुरते शिकवावे आणि मूलभूत ज्ञान मूठभरांसाठी राखावे, ही त्याच विषमतेची नवी आवृत्ती आहे. ज्याला केवळ कामापुरते शिकवले, तो काम बदलताच निरुपयोगी ठरतो.

तिसरा आक्षेप खास समाजवाद्यांसाठी राखून ठेवलेला असतो: तुम्ही तर संगणकाचे विरोधक! कामगार संघटनांनी आयुर्विमा व बँका येथील यांत्रिकीकरणाला विरोध केला तो माणसाच्या नोकरीसाठी, ज्ञानाशी वैर म्हणून नव्हे. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांनी त्यावर करारही केला. या देशात संगणक आणला तोही सार्वजनिक संस्थांनीच. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या सांख्यिकी संस्थेत १९५६ मध्ये यंत्र चालू झाले, तर १९६० मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी स्वतः बांधलेला संगणक कार्यान्वित झाला. १९७८ मध्ये आय.बी.एम. देश सोडून गेली, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सी.एम.सी. या सार्वजनिक कंपनीतील भारतीय अभियंत्यांनी सांभाळली. विरोध यंत्राला कधीच नव्हता. यंत्राच्या मालकीवर मूठभरांचा हक्क असावा, याला होता व आहे.

आणि आज ही मालकी प्रत्यक्ष जीवनमरणाचा प्रश्न झाली आहे. रेशन दुकानातील यंत्राने बोटांचे ठसे ओळखण्यात शंभरात एकदा चूक केली असे धरले, तर 'नव्याण्णव टक्के यश' अशी जाहिरात होते. पण पन्नास हजार शिधापत्रिकांच्या तालुक्यात त्याचा अर्थ पाचशे कुटुंबे रिकाम्या पिशव्या घेऊन परतणार असा होतो. घरोघर डबे पोहोचवणाऱ्या कामगाराची मजुरी कोणत्या हिशेबाने ठरते, हे त्याला कोणी सांगत नाही. तो हिशेब कंपनीच्या संगणकात बंद असतो. पूर्वी सावकाराची वही वाचता यावी म्हणून रयतेला अक्षरओळख हवी होती. आजची वही वाचायला संभाव्यता आणि अल्गोरिदम समजणारी माणसे हवीत, आणि ती याच रयतेच्या घरातून यायला हवीत.

त्यासाठी भाषेचा अडसरही दूर व्हायला हवा. संच, फल, आलेख, अविभाज्य, सिद्धता हे शब्द मराठी शाळेतील मुलाच्या ओठांवर असतात. महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर ते त्याच्याकडून काढून घेतले जातात. २०२१ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी आहे. परंतु चांगली पाठ्यपुस्तके आणि शिकवणारे अध्यापक यांवाचून परवानगी म्हणजे कोरा कागद. नव्या शैक्षणिक धोरणातील मुख्य व दुय्यम विषयांच्या स्वातंत्र्याचेही तेच आहे. गणिताच्या विद्यार्थ्याने संगणक हा दुय्यम विषय घ्यावा, हे कागदावर छान दिसते. तो विभागच विनाअनुदानित असेल, तर त्या स्वातंत्र्याची किंमत कोण मोजणार?

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक जिल्ह्यात किमान एका शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयात गणित व संगणकशास्त्राची संयुक्त पदवी पूर्ण अनुदानावर सुरू व्हावी. तिच्यासाठी कायम अध्यापकपदे मंजूर व्हावीत आणि तासिका तत्त्वाची वेठबिगारी थांबावी. प्रयोगशाळा संध्याकाळीही उघडी राहावी, कारण ज्याच्या घरी संगणक नाही त्याला तीच एक जागा आहे. विद्यापीठांनी पदवीच्या पातळीची मराठी पाठ्यपुस्तके सिद्ध करावीत.

कार्यकर्त्यांनी याची सुरुवात आपल्याच तालुक्यातून करावी. महाविद्यालयात जाऊन चार प्रश्न विचारावेत: संगणकशास्त्राचे शुल्क किती, कायम अध्यापक किती, गणित शिकवतो कोण आणि अनुदानित गणिताच्या विद्यार्थ्याला संगणकापुढे आठवड्यातून किती तास बसता येते? मिळालेली उत्तरे पालकांच्या सभेत वाचून दाखवावीत. हा लढा विद्यार्थ्यांच्या शुल्कापुरता नाही. उद्याचे हिशेब कोण मांडणार आणि ते कोण तपासणार, याचा आहे. तो तालुक्यातालुक्यांतून उभा राहिला, तरच विधिमंडळाला त्याची दखल घ्यावी लागेल.