आधी कारण, मग कुटकी

यकृतरक्षक वनस्पतींवरचे जे शोधनिबंध आमच्याकडे येतात, त्यांतले बहुतेक एकाच वाटेने जातात. पांढऱ्या उंदरांच्या एका गटाला काही दिवस कुटकी, भुईआवळी किंवा शरपुंख्याचा अर्क द्यायचा, मग कार्बन टेट्राक्लोराइड टोचायचे आणि रक्तातले एसजीपीटी मोजायचे. अर्क मिळालेल्या गटात आकडा कमी येतो, यकृताच्या छेदात मध्यशिरेभोवतीच्या पेशी कमी मेलेल्या दिसतात. प्रयोग खोटा नसतो. पण त्याच्या भरवशावर चिठ्ठी लिहिताना एवढे ध्यानात ठेवावे, की उंदराला औषध विषाच्या आधी मिळाले होते. आपला रुग्ण डोळे पिवळे झाल्यावर येतो.

हा फरक किरकोळ नाही. कार्बन टेट्राक्लोराइडपासून खरे घातक द्रव्य यकृतातच तयार होते. सायटोक्रोम कुळातले एक विकर त्याचे मुक्त मूलकात रूपांतर करते आणि ते मूलक पेशीपटलातला मेद जाळत सुटते. आधी दिलेल्या अर्काने त्या विकराचा वेग मंदावला, तर विष पुरेसे तयारच होत नाही आणि वनस्पती रक्षक ठरते. इजा होऊन गेल्यावर त्याच गुणाचा उपयोग काय? म्हणून असा निबंध वाचताना अर्क कधी दिला, हे आधी पाहावे, आणि निष्कर्षाकडे त्यानंतर वळावे.

माणसांवरचा पुरावा तर आणखी सावध करणारा आहे. १९८८ मध्ये मद्रासहून ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अहवालात भुईआवळीने हिपॅटायटिस बीचे निम्म्याहून अधिक वाहक विषाणूमुक्त झाल्याचे म्हटले होते, पुढच्या अनेक चाचण्यांत ते यश हाती लागले नाही. सिलिमरिन या वनस्पतिज अर्काची हिपॅटायटिस सीच्या रुग्णांवरची मोठी अमेरिकी चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, तिच्यातही एसजीपीटी उतरले नाही. पण त्याच अर्कातले सिलिबिनिन युरोपात विषारी अळंब्यांच्या बाधेवर शिरेतून देतात, कारण ते त्या विषाला यकृतपेशीत शिरू देत नाही. कोणते विष, कोणत्या वाटेने, कोणत्या वेळी, हे ठाऊक असले की वनस्पतीला नेमके काम देता येते.

लोटे, तारापूर, महाड या पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्या वैद्यांसाठी हा रोजचा प्रश्न आहे. तिथल्या औषध व रसायन कारखान्यांत वापरले जाणारे डायमिथाइल फॉर्मामाइड हे द्रावक श्वासावाटे जाते, तसेच उघड्या कातडीतूनही सहज मुरते. कामगार पोटदुखी, मळमळ, अन्नावर वासना नसणे एवढेच सांगतो. त्याला एक प्रश्न जरूर विचारावा: थोडीशी दारू घेतली तरी चेहरा लाल होऊन भणभणतो का? ‘हो, हल्लीच व्हायला लागलंय’ असे उत्तर आले, तर हातमोजे, गळती आणि पाळीतले काम यांची चौकशी करावी. दारू हेच कारण धरून विषय मिटवला, तर खरे कारण कारखान्यातच राहते. निदानपरिवर्जन ही इथली पहिली चिकित्सा. संपर्क चालूच ठेवून महिनोन्‌महिने निम्मा वाटा कुटकीचा असलेली आरोग्यवर्धिनी देणे, म्हणजे कुटकी ही हिमालयातली दुर्मीळ होत चाललेली वनस्पती वाया घालवणे आणि कामगाराचे यकृतही.

गुळवेलीचा धडा आपण अजून नीट घेतलेला नाही. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांत यकृताची इजा आढळली. आयुष मंत्रालयाने ती वनस्पती दुसरीच, गाठाळ खोडाची टिनोस्पोरा क्रिस्पा असावी, असा आक्षेप घेतला. पुढे देशातल्या अनेक केंद्रांच्या अहवालात असे आणखी रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतल्या कित्येकांत स्वप्रतिकारक यकृतदाहाची लक्षणे होती. वैद्यकीय पक्षाभिमानाने ही शंका मिटणार नाही. रुग्णाने काय प्यायले त्याचा तुकडा जपलेला असेल, तरच मिटेल.

तेव्हा पुढील अंकापासून यकृतविकाराचा रुग्णवृत्तांत पाठवताना कामाचा इतिहास, चालू असलेली सर्व औषधे (क्षयाची आणि पॅरासिटामॉलसुद्धा), उपचारापूर्वीच्या व नंतरच्या तपासण्या आणि वापरलेल्या द्रव्याची ओळख हे सारे द्यावे. भुईआवळी वापरली असेल तर फुलाफळांसह वाळवलेली एक फांदी ठेवावी: अमारस जातीच्या फुलाला पाच दले असतात, फ्रॅटर्नसला सहा, आणि बाजारातल्या चूर्णात ती मोजता येत नाहीत. एसजीपीटी तिपटीवर आणि बिलिरुबिन दुपटीवर गेलेला औषधजन्य काविळीचा रुग्ण मात्र वृत्तांतासाठी थांबवू नये. त्याच दिवशी यकृततज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पाठवावा. संशयित औषध आपण दिलेले असले तरी ते लगेच बंद करावे आणि त्याचे नाव चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्यावे.