नेकरकाठी जायचे तर दोघांनी



पंढरपूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा जर्मनीत हायडेलबर्ग या नदीकाठच्या शहरात नोकरीला आहे. आईवडिलांनी एकदा येऊन जावे, असा त्याचा आग्रह आहे. घरात मात्र असे ठरले आहे, की मालकांनी जाऊन यावे आणि बाईंनी म्हशींपाशी राहावे. "यांच्या प्रवासाची तयारी कशी करावी, ते कळवा," असे त्या लिहितात.

तयारी सांगतो, पण दोघांची सांगतो. जन्मभर गोठा जिने सांभाळला, तिनेच गोठ्यापायी मुलाचे घर पाहू नये, हा हिशेब मला पटत नाही. आणि ही अडचण न सुटणारी नाही. पेरणीचे नियोजन करतो तसे याचे करावे.

आधी म्हैस, मग विमान

म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण असते. ऑगस्टच्या मध्यावर ती भरली, तर जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास विते. विण्यापूर्वी दोन महिने तिला आटवावी, हे आम्ही एरवीही सांगतोच. म्हणजे २० एप्रिलनंतर धार काढायची नसते. राहते ती वैरण आणि पाणी. तेवढे काम भावकीतले कोणीही करील. कडबा मात्र आधी भरून ठेवावा. दुसरी म्हैस दुभती असेल, तर ती महिनाभर शेजाऱ्याच्या दावणीला द्यावी. वैरण आपली, दूध त्यांचे. मे अखेर परत यावे, म्हणजे वेताच्या वेळी घरधनीण घरात असते.

शेतीलाही हाच काळ सोयीचा. ज्वारीची मळणी मार्चअखेर उरकलेली असते आणि मृगाला अवकाश असतो. तिकडे तेव्हा वसंत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीची थंडी आपल्या हाडांना मानवणारी नाही. शिवाय जूनच्या आधी परतले, की आषाढीही चुकत नाही.

कागदपत्रे

दिवाळीनंतर पासपोर्टच्या मागे लागावे. आधार, पॅन, बँकेचे पुस्तक आणि सातबारा यांवर नाव एकच आहे का, ते आधी पाहावे. बायकांच्या कागदांत एकीकडे माहेरचे नाव आणि दुसरीकडे सासरचे, असे फार आढळते. ते आधी दुरुस्त करून घ्यावे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. पण तेवढा उशीर करूच नये, जानेवारी-फेब्रुवारीत भरावा. हा व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे. अर्ज नाकारला गेला, तर ती परत मिळत नाही. निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. मुलाने तिथल्या कचेरीत जाऊन आईवडिलांच्या खर्चाची हमी लिहून द्यावी आणि तो कागद पाठवावा.

अर्ज तपासणाऱ्याला मुख्य शंका असते, की ही माणसे परत जातील ना? त्याला आपले उत्तर सातबारा, आठ-अ आणि कारखान्याची ऊसबिले. ती इंग्रजीत भाषांतर करून जोडावीत. बाईंचे नाव सातबाऱ्यावर असेल, तर त्यांच्या अर्जालाही स्वतःचा आधार मिळतो. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मीमुक्तीची सोय १९९२ पासून आहे. ज्यांनी ते काम टाळले, त्यांना हे एक निमित्त.

खर्च शिलकीतूनच करावा. पीककर्ज पिकाचे आहे, त्याला हात लावू नये. मुलगा तिकीट काढतो म्हणाला, तर संकोच करू नये.

पिशवीत काय नको

तूप, पेढे, खवा आणि मांसाचे पदार्थ नेऊ नयेत. युरोपात बाहेरचे दूध-मांस प्रवाशाला नेता येत नाही. याचे कारण आपल्या ओळखीचे आहे: लाळ-खुरकूत. १९८८ नंतर जर्मनीत हा रोग नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळ म्हशींच्याच एका कळपात तो निघाला. कळप मारावा लागला आणि काही देशांनी जर्मनीचे दूध-मांस घेणे थांबवले. आईच्या हातचा पेढा जप्त झाला, तर राग मानू नये.

डाळिंब, आंबा, कढीपत्ता, रोपे आणि बियाणेही दाखल्याशिवाय चालत नाही. शेंगाचटणी, कडक भाकरी आणि ज्वारीचे पीठ खुशाल न्यावे. येतानाही तिकडचे बी किंवा कलम खिशात घालून आणू नये. गाजरगवत बाहेरूनच आले, त्याची खुरपणी आपण अजून करतो आहोत.

तिथे काय पाहावे

मुंबईहून फ्रँकफुर्टला थेट विमान आहे, सुमारे नऊ तासांचे. तिथून हायडेलबर्ग आगगाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. शहर नेकर नदीच्या काठी वसले आहे. जुना दगडी पूल १७८८ चा. त्याच्या आधीचा पूल १७८४ च्या पुरात आणि बर्फाच्या लोंढ्यात गेला. भीमेचा पूर पाहिलेल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. डोंगरावरचा किल्ला १६८९ आणि १६९३ मध्ये फ्रेंच फौजांनी उद्ध्वस्त केला. वर जायला दोरखंडाने ओढली जाणारी गाडी आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी तिने जावे. विद्यापीठ १३८६ चे, आजच्या जर्मनीतले सर्वांत जुने.

शेतकऱ्याने नदी मात्र सावकाश पाहावी. माल वाहून नेण्यासाठी या नदीवर ओळीने २७ बंधारे बांधले आहेत. त्यांतला एक शहरालगतच आहे. शेजारी दोन दरवाजांचा हौद असतो. त्यात पाणी भरून अख्खे जहाज वर उचलतात. आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पाणी अडवतो, तिथे तो जहाजाला पायरी होतो.

जवळच दहा किलोमीटरवर श्वेट्सिंगेन गाव आहे. तिथे शतावरीच्या कुळातले पांढरे कोंब पिकवतात. कोंबाला ऊन लागू नये म्हणून मातीचे उंच वरंबे करतात. काढणी एप्रिलपासून २४ जूनपर्यंत चालते, मग भाव असला तरी थांबवतात. कारण पुढच्या वर्षासाठी झाडाच्या मुळांत ताकद साठली पाहिजे. हे पाहण्याजोगे आहे. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच भाजी आणून ठेवावी.

परक्या मुलखाचे भय मात्र बाळगू नये. याच हायडेलबर्गच्या विद्यापीठातले गुंथर सोन्थायमर आपल्या धनगरांच्या वाड्यांवर हिंडले, मराठी शिकले, बिरोबाच्या ओव्या त्यांनी टिपून घेतल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मन भाषेत निघाला. तिकडचा माणूस आपल्या मेंढवाड्यावर येऊन बसला, तर आपल्या मायमाउलीने लेकाच्या ओट्यावर महिनाभर का बसू नये?

तेव्हा ताई, पासपोर्टचे अर्ज दोन भरा. आणि म्हैस माजावर आली, की तारीख वहीत टिपून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्या तारखेवरून मांडायचा आहे.