गाडीची टाकी आणि घरची कढई

डिझेलच्या दराची चर्चा निघाली की तिच्या पाठोपाठ बायोडिझेलची चर्चा निघते, असा गेल्या वीस-बावीस वर्षांचा अनुभव आहे. ज्यांच्या दारात डिझेलवर चालणारी मोटार आहे त्यांना आपली गाडी या वनस्पतिजन्य इंधनावर चालवावी काय, असा प्रश्न पडतो. ज्यांच्या दारात मोटार नाही त्यांना हा प्रश्न आपला नव्हे असे वाटते. तो मात्र गैरसमज आहे. एस.टी.चे भाडे, ट्रकने येणारी भाजी आणि स्वयंपाकघरातला तेलाचा डबा या साऱ्यांशी या प्रश्नाचे धागे गुंतलेले आहेत. म्हणून तो केवळ यंत्रशास्त्राचा प्रश्न न मानता अर्थशास्त्राचा प्रश्न म्हणून तपासला पाहिजे.

यंत्राच्या बाजूने पाहू गेल्यास उत्तर फार पूर्वीच मिळालेले आहे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल जातीचे एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. आपल्याकडे ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस पाच टक्के बायोडिझेल मिसळलेल्या इंधनावर धावली. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने मोगली एरंडाच्या, म्हणजेच जट्रोफाच्या, तेलापासून तयार केलेल्या इंधनावर २००४ मध्ये मर्सिडीझ मोटारी सुमारे सहा हजार किलोमीटर चालविण्यात आल्या. इंजिनात त्यासाठी फेरफार करावे लागले नाहीत. तेव्हा ‘चालते की नाही’ हा वाद उरलेला नाही.

पण प्रयोगशाळेतले बायोडिझेल वेगळे आणि रस्त्याकडेच्या पिंपातले वेगळे. घाण्यावरचे किंवा कढईतले तेल तसेच टाकीत ओतले तर ते डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असल्याने इंजेक्टरमधून त्याचा नीट फवारा उडत नाही, ते अर्धवट जळते आणि आत काजळीचे थर साचतात. म्हणून तेलावर मिथेनॉल आणि कॉस्टिकच्या साह्याने प्रक्रिया करून त्यातले ग्लिसरीन वेगळे काढावे लागते. शंभर किलो तेलापासून साधारण शंभर किलो इंधन आणि दहा किलो ग्लिसरीन मिळते. हे इंधन नीट धुतले नाही, त्यात पाणी वा मिथेनॉल राहिले, तर गंज धरतो. जुन्या गाडीच्या टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ ते सोडविते आणि तो मळ फिल्टरमध्ये जाऊन बसतो. साध्या रबराच्या नळ्या त्याने फुगतात. फार दिवस साठविले तर ते हवेने बिघडते. या सर्वांचा विचार करूनच भारतीय मानक ब्यूरोने शुद्ध बायोडिझेलसाठी आय.एस. १५६०७ हे मानक ठरविले असून नेहमीच्या डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत मिश्रणास मुभा ठेवलेली आहे. त्यापुढे गेल्यास बहुतेक मोटार कंपन्या हमीची जबाबदारी घेत नाहीत.

आता मोटारमालकाचा हिशेब मांडून पाहू. बायोडिझेलमध्ये लिटरमागे डिझेलपेक्षा सुमारे आठ टक्के ऊर्जा कमी असते. डिझेलचा भाव ९० रुपये धरला तर बायोडिझेल ८३ रुपयांच्या खाली मिळाले तरच ते खऱ्या अर्थाने स्वस्त ठरते. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणाऱ्या आणि लिटरला वीस किलोमीटर धावणाऱ्या गाडीला पाचशे लिटर डिझेल लागते. त्याचे ४५ हजार रुपये होतात. त्याऐवजी ८० रुपये भावाचे निव्वळ बायोडिझेल वापरले तर ते ५४३ लिटर लागेल आणि खर्च सुमारे साडेत्रेचाळीस हजार येईल. दहा रुपयांची म्हणून दिसणारी बचत वर्षाअखेर दीड हजारावर येते. एक इंजेक्टर बिघडला तरी ती पुरती वाहून जाते. त्यातून २०२० आणि २०२१ मध्ये गुजरातेत बायोडिझेलच्या नावाखाली भलतीच द्रव्ये विकणाऱ्या पंपांवर कारवाई करावी लागली, हे विसरून चालणार नाही. स्वस्त म्हणून घेतलेले इंधन बायोडिझेल असेलच, याची खात्री ग्राहकाला पिंपाकडे पाहून करता येत नाही. सारांश, तेल कंपन्यांनी मानकानुसार मिसळून दिलेले इंधन खुशाल वापरावे. परस्पर मिळणारे वा घरी केलेले इंधन टाकीत ओतण्याचा मोह टाळावा.

येथवरचे उत्तर सोपे आहे. खरी अडचण पुढे सुरू होते, ती ही की एवढे तेल आणावयाचे कोठून? नियोजन मंडळाच्या समितीने २००३ मध्ये जट्रोफावर भिस्त ठेवून मोठी योजना मांडली. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के मिश्रण करावयाचे, त्यासाठी सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टरांवर लागवड करावयाची, असा तो संकल्प होता. पडीक जमीन, थोडे पाणी, गुरे तोंड लावीत नाहीत असे झुडूप आणि वर परकीय चलनाची बचत! कागदावर यापेक्षा देखणी योजना सापडणे कठीण. प्रत्यक्षात पडीक जमिनीवर झुडूप जगले, पण बी धरीना. पाणी आणि खत दिल्यावाचून हेक्टरी टनभर बी मिळणेही अनेक ठिकाणी दुरापास्त झाले. ज्या जमिनीला ‘पडीक’ म्हटले गेले तिच्यापैकी बरीचशी गरिबांची गुरे चारण्याची आणि सरपण गोळा करण्याची जागा होती, हेही ध्यानात आले. खरेदीचा भाव २००६ पासून लिटरला २५ रुपये ठरला. तो उत्पादनखर्चालाही पुरेना. २००९ च्या धोरणाने वीस टक्क्यांची मुदत २०१७ वर नेली. २०१८ च्या धोरणाने लक्ष्यच खाली आणून २०३० पर्यंत पाच टक्के असे ठरविले. तरीही मिश्रणाचे प्रमाण एक टक्क्याच्या आतच रेंगाळत राहिले.

हे अपयश केवळ अंमलबजावणीचे नव्हे, अंकगणिताचे आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे ९ कोटी टन, म्हणजे १० हजार ८०० कोटी लिटरच्या आसपास डिझेल खपले. उलट देशभरच्या स्वयंपाकघरांत, खानावळींत आणि कारखान्यांत वापरले जाणारे सारे खाद्यतेल २,७०० कोटी लिटरच्या आसपास आहे. याचा अर्थ, डिझेलच्या वीस टक्क्यांइतके बायोडिझेल करावयाचे म्हटले तर देशातल्या एकूण खाद्यतेलाच्या चार-पंचमांश इतके तेल नव्याने उभे करावे लागेल. ते सोडा, पाच टक्क्यांसाठीसुद्धा ४५ लाख टन तेल हवे. हेक्टरी टनभर बी आणि त्यात तीस टक्के तेल धरले, तर त्याला दीड कोटी हेक्टर जमीन लागेल. महाराष्ट्राचे सारे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी ८ लाख हेक्टर आहे. अर्धा महाराष्ट्र जट्रोफाखाली घातल्यावर डिझेलच्या शंभर लिटरांतले पाच लिटर सुटतील, असा हा व्यवहार आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

मग खाद्यतेलच वापरले तर? आपला देश गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यामुळे ही कल्पना आपल्या धोरणाने मानलेली नाही, हे योग्यच झाले. पण दुसऱ्यांनी ती मानली म्हणजे काय होते, याचा चटका आपल्याला बसलेला आहे. इंडोनेशियाने डिझेलमध्ये पामतेलजन्य इंधनाचे प्रमाण २०२० मध्ये ३० टक्के, २०२३ मध्ये ३५ टक्के आणि २०२५ मध्ये ४० टक्क्यांवर नेले. तेथील सरकारला खनिज तेलाची आयात कमी करावयाची आहे आणि आपल्या बागायतदारांना भाव मिळवून द्यावयाचा आहे. त्यात गैर काही नाही. परंतु आपल्याकडे आयात होणाऱ्या तेलात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा. जकार्तातला ट्रक आणि जळगावातील कढई अशा रीतीने एकाच तेलासाठी बोली लावतात. घरच्या टंचाईपायी इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ रोजी पामतेलाची निर्यातच थांबविली आणि ती बंदी २३ मेपर्यंत राहिली. अशा बाजारात ज्याच्या खिशात कमी पैसा त्याचा घास आधी जातो.

तेव्हा उरते ते एकच तेल, आणि ते म्हणजे तळून झालेले. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या अंदाजानुसार हॉटेले आणि खाद्यपदार्थांचे कारखाने यांच्याकडून वर्षाला सुमारे १४० कोटी लिटर वापरलेले तेल गोळा होऊ शकते आणि त्यापासून ११० कोटी लिटर बायोडिझेल तयार होऊ शकते. ते सारे मिळाले तरी डिझेलच्या एकूण खपाच्या एक टक्काच होते. मग या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग आहे, आणि तो इंधनाहून आरोग्याचा अधिक आहे. पुनःपुन्हा तापविलेल्या तेलात घातक ध्रुवीय संयुगे वाढत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता कामा नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. परंतु फेकून द्यावे तर तोटा होतो. म्हणून मोठ्या हॉटेलातले काळे तेल लहान हॉटेलात आणि तेथून हातगाडीवर उतरते. शाळेबाहेर वडापाव घेणारे मूल या साखळीच्या अखेरच्या टोकाला उभे असते.

ही साखळी केवळ नियमाने तुटणार नाही, भावाने तुटेल. येथे अर्थशास्त्राचा एक साधा सिद्धान्त कामी येतो. वापरलेल्या तेलाला हातगाडीवाला जो भाव देतो त्याहून अधिक भाव इंधन करणाऱ्याने दिला, तर ते तेल अन्नातून आपोआप बाहेर पडेल. मात्र तो भाव ताज्या तेलाच्या वर गेला तर ताजे तेलच ‘वापरलेले’ म्हणून विकण्याची बुद्धी होईल. युरोपात बाहेरून येणाऱ्या वापरलेल्या तेलाविषयी असा संशय वारंवार व्यक्त झाला आहे. म्हणजे खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा सांभाळल्या पाहिजेत. २०१९ मध्ये तेल कंपन्यांनी या इंधनासाठी पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये व तिसऱ्या वर्षी साडेचोपन्न रुपये असा भाव आगाऊ जाहीर केला. पुढे २०२१ मध्ये खाद्यतेलाच्या किमती भडकल्या आणि आगाऊ बांधलेला भाव बाजारापासून किती दूर पडू शकतो हे दिसून आले. खरेदीभाव खाद्यतेलाच्या चालू दराशी जोडणे हा त्यावरचा उपाय आहे.

दुसरी उणीव संकलनाची. तळणासाठी दिवसाला ५० लिटरांहून अधिक तेल वापरणाऱ्यांनाच नोंदी ठेवण्याचे बंधन आहे. गाडीवरचा वडेवाला अर्थातच त्यातून सुटतो. त्याच्यावर निरीक्षक सोडण्याने हप्ता तेवढा वाढेल. त्यापेक्षा नगरपालिकांनी आठवडी बाजारात, एस.टी. स्थानकाजवळ आणि मंडईत संकलन केंद्रे उघडून तेल तोलून घ्यावे आणि जागच्या जागी रोख पैसे द्यावेत. आज जे तेल उद्याच्या घाण्यात जाते ते मग कॅनमध्ये जाईल. ग्राहकाला उपदेश करण्याची गरज उरणार नाही.

बायोडिझेलने देश तेलाच्या बाबतीत स्वावलंबी होईल, हे स्वप्न आता गुंडाळून ठेवावे. त्याचे काम मर्यादित आहे, पण ते मोलाचे आहे: जे खाण्याजोगे उरले नाही ते अन्नातून काढून इंजिनात घालणे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. गोळा होणाऱ्या तेलावरून मिश्रणाची टक्केवारी ठरवावी; आधी टक्केवारी जाहीर करून मग तेलासाठी जमीन आणि कढई यांच्याकडे हात पसरू नये. मोटारमालकानेही टाकी भरताना भावाबरोबर एवढे विचारावे की, हे तेल मानकाचे आहे काय आणि ते कोणाच्या ताटातून तर आलेले नाही ना. या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तरच ते इंधन स्वस्त म्हणावयाचे.