उवा, निंबोळीचे तेल आणि फणी



जुलै उजाडला की उन्हाळ्याच्या सुटीनंतर दिल्लीच्या शाळा पुन्हा गजबजतात, आणि त्याच सुमारास नवी दिल्लीच्या रस्त्यांवर कडुनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. आमच्या वसाहतीत या दोन गोष्टींची गाठ एका मराठी घरात पडली. आठ वर्षांच्या मुलीबरोबर शाळेतून चिठ्ठी आली : डोक्यात उवा आहेत, त्या गेल्यावर पाठवावे. मुलगी कोपऱ्यात तोंड लपवून बसली. आई शरमली, आजी रागावली, आणि सायंकाळपर्यंत उपायांची यादी तयार झाली : निंबोळीचे तेल, कापूर घातलेले खोबरेल, सासवडहून आणलेल्या सीताफळांच्या बियांची पूड आणि कोणी सुचविलेले रॉकेल. रॉकेल वगळता सारे झाडापासूनचे, म्हणून निर्धोक, असा घरच्यांचा समज. तो तपासून पाहणे, हा आजच्या लेखाचा हेतू.

प्रथम शरमेविषयी. ऊ व लीख हे शब्द संस्कृत यूका व लिक्षा यांपासून आले, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर आठ लिक्षांची एक यूका असे मोजमापच दिले आहे. इतकी ही सोबत जुनी! उवेला पंख नाहीत, तिला उडीही मारता येत नाही. दोन मुली डोक्याला डोके लावून खेळल्या की ती इकडून तिकडे जाते. केस रोज धुतलेले असोत वा नसोत. म्हणूनच उवांसाठी मुलाला घरी बसविण्याचे कारण नाही, असे आज अनेक बालरोगतज्ज्ञ सांगतात.

आता तेलाविषयी. कडुनिंबाचा लौकिक खोटा नव्हे. 1962 साली दिल्लीच्याच पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावीत नाहीत. परंतु टोळ पाने खातो, ऊ रक्त पिते. एकाला पानाची चव नकोशी झाली म्हणून दुसरी मरेलच असे नाही. शिवाय प्रत्येक घाण्याच्या तेलात गुण सारखा नसतो. इंग्लंडमधील एका चाचणीचा निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाला. नारळ व विलायती बडीशेप यांपासून केलेल्या फवाऱ्याने शंभरांतील 82 जणांच्या उवा गेल्या. परमेथ्रिन या नेहमीच्या औषधाने केवळ 42 जणांच्या. मात्र तो मापून सिद्ध केलेला फवारा होता, घरातील बाटली नव्हे. घरच्या तेलाने ऊ मंदावते आणि केस निसरडे होतात. लीख मात्र केसाला चिकटलेलीच राहते. सात ते दहा दिवसांत ती फुटते, आणि आपण म्हणतो, तेलाचा गुण आला नाही.

यास्तव खरे औषध म्हणजे आजीच्या पेटीतील बारीक दातांची फणी. साधे खोबरेल केसांना मुळापासून टोकापर्यंत चोपडावे. केसांचे लहान लहान भाग करून प्रत्येक भागातून टाळूपासून फणी ओढावी, आणि दर वेळी ती पांढऱ्या फडक्यावर पुसावी. कानामागे व मानेवर विशेष पाहावे. दर दोन-तीन दिवसांनी, निदान दोन आठवडे हा क्रम ठेवावा, म्हणजे मागाहून फुटलेल्या उवा अंडी घालण्यापूर्वीच सापडतात. घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासावीत. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांपलीकडे जगत नाही. फणी व उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुतले की पुरे.

आणि आता, माता-भगिनींनो, इशारा. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते हे खरे, परंतु तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळावरील नाजूक पडदा सोलवटतो. अशा रुग्णांच्या नोंदी भारतीय नेत्रवैद्यांनी केल्या आहेत. चुकून पूड डोळ्यात गेलीच, तर डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. रॉकेलने कातडी पोळते आणि जवळ विस्तव असला तर जीवही जातो. कापूर किंवा निलगिरीचे तेल लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. तान्ह्या मुलाला कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याखेरीज लावू नये. टाळूवर पू झाला, ताप आला, मानेत गाठी आल्या, अथवा फणीने दोन आठवड्यांत उवा गेल्या नाहीत, तरी डॉक्टरांकडेच जावे.

त्या घरी काय झाले? सीताफळाची पुडी केराच्या डब्यात गेली. सज्जात चटई अंथरून आजीने नातीला पुढ्यात घेतले. पहिल्या दिवशी फडक्यावर सतरा उवा निघाल्या. त्या मुलीनेच मोजल्या, आणि कोपऱ्यात बसलेली ती पोर प्रथमच हसली. पुढे आई व आजी यांच्याही डोक्यांत चार-चार सापडल्या, तेव्हा कोणी कोणाला नावे ठेवावीत हा प्रश्नच उरला नाही. चिठ्ठी आली तर आपणही प्रथम मुलीला जवळ घ्यावे, मग फणी हाती घ्यावी.