पाच जणी, चार किट

मावसबहीण अमेरिकेहून आली की मावशीच्या हॉलमध्ये बॅग उघडण्याचा एक सोहळाच होतो. चॉकलेट्स, बदाम, काकांसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या, माझ्यासाठी हँडक्रीम. या वेळी सगळ्यात तळाशी एक चपटा खोका निघाला. कोविडच्या होम टेस्टचा. आतली पाकिटं फोडलेलीसुद्धा नाहीत.

‘‘अगं, हिची एक्स्पायरी कधीच उलटून गेलीये!’’ मी म्हटलं.

‘‘माहितीये गं. पण टाकवत नाही. फुकट मिळालेली आहे ना!’’

सगळे हसले. माणूस डॅलसला जाऊ दे नाही तर मंगळावर, फुकट मिळालेली वस्तू टाकायला आपला हात धजावत नाहीच. पण रात्री गच्चीवर गप्पा मारताना तिने त्या खोक्याची गोष्ट सांगितली, आणि ती ऐकल्यावर मला काही हसू आलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. डिसेंबर २०२१. ओमायक्रॉन जोरात होता. अमेरिकेत होम टेस्टसाठी दुकानाबाहेर रांगा, आत रिकामे शेल्फ. मिळालीच तर दोन टेस्टच्या एका खोक्याला वीस-पंचवीस डॉलर. ६ डिसेंबरला व्हाइट हाउसमध्ये एका पत्रकार बाईंनी विचारलं, टेस्ट सगळ्यांना सरळ फुकट का देत नाही? त्यावर तेव्हाच्या प्रेस सेक्रेटरी जेन साकी यांनी उलट प्रश्न केला : म्हणजे काय, प्रत्येक अमेरिकनाला एकेक पाठवून द्यायची का? सूर थोडा खवचटच होता. आणि गंमत बघा, पुरते तीन आठवडेही झाले नाहीत तोच, २१ डिसेंबरला अध्यक्ष जो बायडेन यांनी जाहीर केलं की होय, ५० कोटी टेस्ट पोस्टाने घरोघरी पाठवणार! जानेवारीत त्यात आणखी ५० कोटींची भर पडली. म्हणजे एकूण १०० कोटी.

१९ जानेवारी २०२२ ला वेबसाइट रीतसर सुरू झाली (गुपचूप एक दिवस आधीच चालू झाली होती). सरकारी साइट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काय येतं ते सांगायला नको! पण इथे फक्त नाव आणि पत्ता टाकायचा. कार्ड नंबर नको, विमा नको, ओळखपत्र नको. दोन मिनिटांचं काम. माझ्या बहिणीने ऑफिसचा कॉल चालू असतानाच ऑर्डर टाकली.

पण एक अट होती. एका पत्त्याला चारच टेस्ट. घरात एक माणूस असो की दहा, चार म्हणजे चार. बहुधा ‘आई, बाबा आणि दोन मुलं’ हे चित्र कुणाच्या तरी डोक्यात असावं. एकत्र कुटुंबांचं काय, दाटीवाटीने राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला. शिवाय मोठ्या इमारतींतल्या काही लोकांना ‘या पत्त्यावर ऑर्डर आधीच झाली आहे’ असा मेसेज यायला लागला, कारण फ्लॅट वेगळा असला तरी सिस्टिमच्या लेखी अख्खी बिल्डिंग म्हणजे एकच घर!

बहिणीच्या फ्लॅटचा पत्ता सिस्टिमला नीट कळला. पण त्या फ्लॅटमध्ये राहत होत्या पाच जणी. टेस्ट आल्या चार.

‘‘आम्ही म्हटलं, त्यात काय, जिला सर्दी होईल तिने करायची,’’ ती सांगत होती. खोका येईपर्यंत फेब्रुवारी उजाडला. ऑर्डर पाठवायलाच सात ते बारा दिवस लागतील, असं साइटवर लिहिलेलं होतं, आणि तोपर्यंत देशातली लाट शिखर गाठून उतरायलाही लागली होती. तरी घरात किट आहे म्हटल्यावर जिवाला जरा बरं वाटलं. फ्रिजवर ठेवून दिलं. फ्रिजवर ठेवलेली वस्तू सगळ्यांची असते, हा जगातल्या सगळ्या रूममेट्सचा अलिखित कायदा.

आणि मग पाचवी खोकायला लागली.

बाकीच्या चौघी आयटीवाल्या. लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू. ही पाचवी तिथलीच, टेक्सासची मुलगी. एका रेस्टॉरंटमध्ये वेट्रेस. टेक्सासमध्ये टिपवर काम करणाऱ्यांना मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर रोख दिले की चालतं. बाकी सगळी भिस्त टिपवर. (टिप धरून तासाला ७.२५ डॉलर भरले नाहीत तर फरक मालकाने द्यायचा, एवढंच.) पगारी आजारपणाची रजा? खासगी कंपन्यांनी ती द्यायलाच हवी असा कायदा तिथे राज्याचाही नाही आणि देशाचाही नाही. कोविडसाठी म्हणून केंद्राने सक्तीची पगारी रजा आणली होती खरी, पण ती सक्ती ३१ डिसेंबर २०२० लाच संपली. म्हणजे फुकट किट घरी आलं तोवर ती रजा संपून वर्ष उलटून गेलं होतं.

‘‘आम्ही तिला म्हटलं, किट आहे ना, कर की टेस्ट. तर ती म्हणाली, नको. तुम्ही ठेवा तुमच्यासाठी. आम्हाला वाटलं, किती चांगली आहे! आमच्यासाठी ठेवतेय!’’ बहीण क्षणभर गप्प बसली. ‘‘ती चांगुलपणा करत नव्हती. तिला कळून घ्यायचंच नव्हतं.’’

बरोबरच आहे. दोन रेषा उमटल्या की नियमाप्रमाणे किमान पाच दिवस घरात. पाच दिवस घरात म्हणजे हातात शून्य डॉलर. एक तारखेचं भाडं नुकतंच भरलेलं. न कळलं तर तो फक्त खोकला. कळलं तर मात्र निर्णय. आणि त्या निर्णयाचं बिल तिने एकटीने भरायचं.

पुढचे दोन दिवस त्या फ्लॅटमध्ये नुसती कुजबुज. स्वयंपाकघरात ती आली की बाकीच्या बाहेर. एकीला दमा होता, तिचं टेन्शन वेगळंच. चौघींचा ती सोडून एक वेगळा ग्रुप तयार झाला फोनवर. (तुम्हीही केलाय असा ग्रुप कधी ना कधी. मीही केलाय.) शेवटी त्या दमेवालीनेच तोंड उघडलं. म्हणाली, आपण चौघी मिळून तिच्या एका आठवड्याच्या भाड्याचा आणि किराण्याचा वाटा उचलू. मग तिला विचारू.

विचारलं. पाच मिनिटं ती काहीच बोलली नाही. मग फ्रिजवरून खोका काढला, नाकात काडी फिरवली, पट्टीवर थेंब टाकले आणि टाइमर लावला. पंधरा मिनिटांनी दोन रेषा. ती आठवडाभर घरात राहिली.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण कुजबुजीच्या त्या दोन दिवसांत आणखी दोघींना लागण झालेली होतीच. दमेवाली वाचली, ते नशीब. ‘‘टेस्ट पंधरा मिनिटांत झाली,’’ बहीण म्हणाली, ‘‘पण तिला ती परवडेल असं करायला आम्हाला दोन दिवस लागले.’’

तर दोस्तहो, हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

या योजनेला नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाहीये. उलट, काम मोठंच होतं. साधारण ६० टक्के अमेरिकन घरांनी या टेस्ट मागवल्या, असं सीडीसीच्या पाहणीत दिसलं. त्या वापरणाऱ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा लोक म्हणाले की या आल्या नसत्या तर आम्ही बहुधा टेस्ट केलीच नसती. पुढे योजना कितीदा तरी थांबली आणि पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये थांबली, कारण संसदेने जादा पैसे दिले नाहीत. हिवाळा आला की सुरू, मग बंद, असं करत करत मार्च २०२५ मध्ये ती संपली. दरम्यान अनेक किट्सची एक्स्पायरीही रीतसर वाढवून दिली गेली, त्यामुळे माझ्या बहिणीचं ‘टाकवत नाही’ हे अगदीच अशास्त्रीय नव्हतं!

पण किट फुकट असणं आणि टेस्ट फुकट असणं यात फरक आहे. किटची किंमत दुकानदार लावतो. टेस्टची किंमत निकालानंतर कळते, आणि ती प्रत्येकासाठी वेगळी असते. त्या चौघींसाठी ती होती पाच दिवस बेडरूममधून लॉगिन. पाचवीसाठी होती जवळजवळ पाव महिन्याची कमाई. इंग्लंडने एप्रिल २०२१ पासून वर्षभर सगळ्यांना घरगुती टेस्ट फुकट दिल्या. पण त्याच्या जोडीला, कमी उत्पन्नाच्या माणसाला कामावर न जाता घरी थांबावं लागलं तर ५०० पौंडांची मदतही ठेवली होती. ती सगळ्यांना मिळाली असं नाही, अटी पुष्कळ होत्या. तरी ‘टेस्ट कर’ म्हणताना ‘आणि मग मी आहे’ असं म्हणायला हवं, हे निदान कागदावर तरी कुणाला सुचलं होतं.

आणि आपण? आपल्याकडे पालिकेच्या केंद्रांवर तपासणी फुकट होती, पण होम टेस्ट ज्याची त्याने विकत घ्यायची. देशातलं पहिलं मंजूर किट आपल्या पुण्याच्याच मायलॅबचं, मे २०२१ मधलं. किंमत २५० रुपये. आपल्यासाठी एका पिझ्झाचे पैसे. जानेवारी २०२२ मध्ये मीही केमिस्टकडून दोन आणली होती. एक स्वतःसाठी आणि एक आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींसाठी. मोठ्या मनाने त्यांच्या हातात दिली. म्हटलं, ‘‘मावशी, करून बघा हं, फुकट आहे.’’ त्यांनी खोका उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘‘ताई, आलं काही त्यात तर खाडा धरणार का?’’

मी काय उत्तर दिलं ते मला चांगलं आठवतंय. मी म्हणाले, ‘‘बघू.’’

मावशींनी ते किट घरी नेलं. केलं की नाही, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ‘बघू’ या शब्दाचा अर्थ त्यांना नीट कळला होता. डॅलसमधल्या त्या पोरींना दोन दिवस लागले म्हणून मी मनातल्या मनात नाक मुरडत होते, आणि मला मात्र एक साधं वाक्य बोलायला इतकी वर्षं लागली.

परवा बोलले. आता कोविडची ती भीती नाही, पण घरोघरी ताप-खोकला चालूच असतो. सकाळी मावशी खोकत आल्या. म्हटलं, ‘‘मावशी, घरी जा. बरं वाटलं की या. खाडा नाही धरणार.’’ त्या दोन मिनिटं दारातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘नक्की ना ताई?’’

या आठवड्यात एवढंच करून बघा. ऑफिसातला हाउसकीपिंगवाला, सोसायटीचा वॉचमन, तुमच्या पोळ्या करणाऱ्या ताई, यांच्यापैकी कुणी खोकताना दिसलं तर ‘डॉक्टरला दाखव’ म्हणण्याआधी ‘पैसे कापणार नाही’ म्हणा. आणि म्हणाल ते महिन्याच्या शेवटी लक्षात ठेवा.

बाकी तो खोका अजून मावशीच्या हॉलमध्येच आहे. फ्रिजवर. टाकवत नाही!