वाघासाठी शेतकऱ्याला दिवसा वीज द्या

छत्रपती संभाजीनगरला वाघाचं अप्रूप नाही. सिद्धार्थ उद्यानाच्या प्राणिसंग्रहालयातल्या बछड्यांच्या बारशांची इथे बातमी होते. इथले शक्ती आणि करिश्मा हे वाघ २०२० मध्ये मुंबईच्या राणीच्या बागेत गेले. पण मार्च २०२१ मध्ये कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्याने टिपलेला वाघ कुणी आणलेला नव्हता. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून तीनशेहून अधिक किलोमीटर चालत तो अजिंठ्याच्या डोंगररांगेत पोचला होता. गौताळ्यात १९४० नंतर वाघाची ही पहिलीच नोंद, असं तेव्हा सांगितलं गेलं. २०१९ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा नर असाच फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता. विदर्भात जागा अपुरी पडू लागली की तरुण नर बाहेर पडणारच, आणि त्यांची वाट नकाशावरच्या हिरव्या ठिपक्यांपेक्षा कापूस-मक्याच्या शिवारांतून, नाल्याकाठच्या झुडपांतूनच अधिक जाते. तेव्हा वाघ जगवायचा तर अभयारण्याइतकंच लक्ष या शिवारांकडे द्यायला हवं.

शेतकऱ्याचा आक्षेप खरा आहे. कन्नड-सोयगावकडच्या वस्त्यांना बिबट्याचाच जाच पुरे झालाय, त्यात वाघ कशाला? पण ज्ञानगंगेला आलेल्या वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. तीन हजार किलोमीटरच्या भटकंतीत माणूस जखमी झाल्याचा एकच प्रसंग नोंदला गेला, तोही वाघ दडून बसलेल्या झुडपात लोक शिरले तेव्हा. गुरं मात्र त्याने मारली, आणि त्याची भरपाई पंचनाम्याच्या कागदात अडकून चालणार नाही. खरा धोका रात्रीचा आहे. कृषिपंपाला वीज रात्री येते म्हणून माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला निघतो, त्याच वेळी जनावरही बाहेर पडतं. रानडुक्कर आणि नीलगायीच्या त्रासाने कुणी कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडली, तर वाघ आणि माणूस दोघेही त्यात मरू शकतात. गौताळ्याभोवतीच्या गावांना दिवसा वीज आणि अनुदानावर झटका मशीन, म्हणजे कुंपणातून सौम्य झटका देऊन जनावर पळवणारं यंत्र, द्यावं. बछड्यांच्या बारशासारखे याचे फोटो छापून येणार नाहीत, एवढंच.

एकट्या नराने वंश वाढत नाही, हा आक्षेपही बिनतोड आहे. माद्या सहसा इतक्या लांब जात नाहीत. पण म्हणून आजच मादी आणून सोडणं हा उतावीळपणा ठरेल. वाघाला आठवड्याला साधारण एक मोठी शिकार लागते. गौताळ्याचं क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. तिथे चराई आणि वणवे आवरले, उन्हाळ्यात पाणवठे टिकले, तर चिंकारा, नीलगाय, रानडुक्कर वाढतील. मादीचा विचार त्यानंतर. दुसरा प्रश्न रस्त्याचा: गौताळ्यातल्या औट्रम घाटातून रात्रंदिवस वाहनं धावतात. तिथला बोगदा वर्षानुवर्षं चर्चेत आहे, आणि वन्यजीवप्रेमींनी त्याला सरसकट विरोध करू नये असं मला वाटतं. वाहतूक डोंगराखालून गेली तर वरचा घाट जनावरांना मोकळा होऊ शकतो. अट एकच: बोगदा झाल्यावर जुना रस्ता रात्री बंद राहील, हे मंजुरीच्या कागदातच लिहून घ्यायला हवं.